घराचे प्रगतिपुस्तक

हल्ली मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो की चहाच्या रांगेत कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतेच, "अहो, आमच्या घराला 'डी' मिळालाय. म्हणजे नापास का हो?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मुलाचे प्रगतिपुस्तक हातात पडलेल्या पालकाचा भाव असतो. मी पुण्याला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलो, इथल्या नोकरीतून निवृत्त झालो आणि मग डोमेस्टिक एनर्जी असेसरचे प्रशिक्षण घेतले. तेव्हापासून टेप, टॉर्च आणि शिडी घेऊन लोकांच्या घरांचे गुण मोजत हिंडणे हा माझा उद्योग आहे. रांगेत उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून संपादकांकडे चार पाने मागून घेतली.

हे प्रगतिपुस्तक म्हणजे एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, सर्वांच्या तोंडी असलेला शब्द ईपीसी. आपल्यापैकी बहुतेकांनी घर घेताना ते एकदा पाहिलेले असते आणि मॉर्गेजच्या कागदांबरोबर फाइलीत टाकलेले असते. पण त्यातले एक अक्षर घराची किंमत, भाडे आणि दुरुस्तीचा खर्च यांवर परिणाम करते, आणि ते अक्षर नेमके काय मोजते हे ठाऊक नसले तर पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होतात. थोडक्यात सांगायचे तर ईपीसी घराची परीक्षा घेते, घरात राहणाऱ्यांची नव्हे. आणि ती परीक्षाही मुख्यतः एकाच विषयाची असते.

हे आले कुठून?

युरोपीय संघाने २००२ साली इमारतींच्या ऊर्जावापराविषयी एक निर्देश काढला. त्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑगस्ट २००७ पासून ईपीसी सुरू झाले. प्रथम चार किंवा अधिक बेडरूमच्या विक्रीच्या घरांना, सप्टेंबरात तीन बेडरूमच्या घरांना आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उरलेल्या सर्वांना ते लागू झाले. तेव्हा ते 'होम इन्फर्मेशन पॅक' नावाच्या जाडजूड गठ्ठ्याचा भाग होते. तो गठ्ठा मे २०१० मध्ये सरकारने बंद केला, ईपीसी मात्र राहिले. भाड्याच्या घरांना ते १ ऑक्टोबर २००८ पासून लागते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही ते इथल्या कायद्यात कायम आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे आहेत. तिथल्या वाचकांनी या लेखातले तत्त्व घ्यावे, तारखा घेऊ नयेत.

प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. गुण १ पासून वर चढत जातात. ९२ आणि त्यापुढे 'ए', ८१ ते ९१ 'बी', ६९ ते ८० 'सी', ५५ ते ६८ 'डी', ३९ ते ५४ 'ई', २१ ते ३८ 'एफ' आणि त्याखाली 'जी'. तेव्हा 'डी' म्हणजे नापास नव्हे. जुन्या घरांच्या या देशात तो अगदी नेहमीचा निकाल आहे. मात्र ५५ चा 'डी' आणि ६८ चा 'डी' यांत पुष्कळ अंतर आहे, म्हणून अक्षराशेजारचा आकडा नेहमी वाचावा.

असेसर काय पाहतो?

पुष्कळांची समजूत असते की आम्ही एखादे यंत्र लावून घराची उष्णता मोजतो. तसे काही नसते. मी खोल्यांची मापे घेतो, भिंतीची जाडी पाहतो, बॉयलरचे मॉडेल टिपून घेतो, रेडिएटरवर तापमानाचे व्हॉल्व्ह आहेत का, गरम पाण्याच्या टाकीला जॅकेट आहे का, उघडी फायरप्लेस किती आहेत, दिवे कोणते आहेत याची नोंद करतो आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो काढतो. जून २०२५ मध्ये पद्धत बदलल्यापासून प्रत्येक खिडकीचे मापही घ्यावे लागते. ही सारी माहिती सरकारमान्य गणिती पद्धतीत भरली की गुण निघतात. नव्या घरांसाठी ही पद्धत सविस्तर असते. जुन्या घरांसाठी तिचीच संक्षिप्त आवृत्ती वापरतात, कारण जुन्या घराच्या भिंतीच्या पोटात काय आहे हे कुणाला माहीत नसते.

आणि खरी गोम इथेच आहे. मी भिंत फोडू शकत नाही. घरमालकाच्या तोंडी शब्दावरही मला काही लिहिता येत नाही. डोळ्यांना दिसेल किंवा कागदावर असेल तेवढेच मी धरू शकतो. बाकी सारे घराच्या बांधणीच्या काळावरून गृहीत धरले जाते. तुमच्या प्रमाणपत्रावर भिंतीच्या ओळीत 'अज्यूम्ड' हा शब्द दिसला, तर त्याचा अर्थ असा की पुरावा न मिळाल्याने त्या काळच्या सर्वसाधारण घराचे गुण तुमच्या घराला देण्यात आले.

एका सभासद भगिनींच्या घरी मी गेलो होतो. घर १९३०च्या दशकातले, पोकळ भिंतींचे. आधीच्या मालकाने त्या पोकळीत इन्सुलेशन भरून घेतल्याचे त्यांना पक्के आठवत होते, पण बाहेरून नव्याने गिलावा झाल्यामुळे भोकांच्या खुणा बुजल्या होत्या आणि कागद सापडत नव्हता. त्यांनी घर विकत घेतानाच्या वकिलाकडची जुनी फाइल मागवली. तिच्यात पंचवीस वर्षांच्या हमीचा कागद निघाला, आणि घराला एक खिळाही न ठोकता 'डी'चा 'सी' झाला. म्हणून माझा पहिला सल्ला पैशाचा नाही, कागदांचा आहे. इन्सुलेशनची हमी, खिडक्या बदलल्याचे प्रमाणपत्र, बॉयलरची पावती, छताच्या कामाचे बिल हे सारे एका फाइलीत ठेवा आणि असेसर येण्याआधी काढून ठेवा.

दुसरे म्हणजे लॉफ्टचे दार मोकळे ठेवा. आपल्या घरांत त्या दाराखाली कपाट असते आणि वर गणपतीचे मखर, जुन्या बॅगा आणि मुलांची पुस्तके यांचा डोंगर. आत डोके घालून मोजता आले नाही तर तिथेही 'अज्यूम्ड' लागते. शिफारस २७० मिलिमीटर जाडीच्या थराची आहे. त्या थरावर फळ्या ठोकून सामान रचले की थर दबतो आणि त्याचा उपयोग कमी होतो.

जाड भिंत आणि ऊबदार भिंत

ज्यांचे बालपण वाड्यात किंवा कोकणातल्या चिरेबंदी घरात गेले, त्यांना जाड भिंतीचा मोठा विश्वास असतो. "व्हिक्टोरियन घर आहे हो, चांगल्या नऊ इंची भिंती आहेत," असे ते कौतुकाने सांगतात. वाड्याची भिंत दिवसा ऊन पिऊन घेते, रात्री ते हळूहळू सोडते, आणि मधल्या वेळात आतली खोली गार राहते. दिवसा तापते आणि रात्री निवते अशा हवेत हे उत्तम चालते. इथल्या जानेवारीत मात्र बाहेर रात्रंदिवस सारखीच थंडी असते. भिंत कितीही जड असली तरी आतली उष्णता तिच्यातून अखंड बाहेर जात राहते. तिला अडवायचे तर वजन नको, अडकून पडलेली हवा हवी. गोधडी जड असते म्हणून ऊब देत नाही, तिच्या थरांत हवा कोंडलेली असते म्हणून देते. इन्सुलेशन म्हणजे भिंतीची गोधडी.

थोडा हिशेब करू. भिंतीतून उष्णता किती सहज निसटते ते 'यू-व्हॅल्यू' या आकड्याने सांगतात. आकडा जितका लहान तितकी भिंत चांगली. नऊ इंची भरीव विटेच्या भिंतीसाठी तो १.७ धरतात. समजा वीस चौरस मीटर भिंत आहे, आत २० अंश आणि बाहेर ५ अंश तापमान आहे. १.७ गुणिले २० गुणिले १५ म्हणजे ५१० वॅट. शंभर वॅटचे पाच जुने बल्ब अखंड जळावेत इतकी उष्णता त्या एका भिंतीतून जाते. इंग्लंडमध्ये २०२२ पासून नव्या घराच्या भिंतीसाठी ०.२६ ही कमाल मर्यादा आहे. त्याच हिशेबाने तिथून ७८ वॅट जातात.

तुमची भिंत भरीव की पोकळ हे रस्त्यावर उभे राहूनही बहुधा कळते, अर्थात विटा उघड्या असतील तर. साऱ्या विटांची लांब बाजूच दिसत असेल तर भिंत बहुधा पोकळ आहे आणि ती भरून घेणे तुलनेने स्वस्त पडते. एक लांब बाजू, एक आखूड टोक अशी नक्षी दिसली तर भिंत भरीव आहे. तिला आतून किंवा बाहेरून थर लावणे हे मोठ्या खर्चाचे काम आहे, तेव्हा आधी लॉफ्ट आणि फटी पाहाव्यात.

पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटलाही असे प्रमाणपत्र असते का, असे मला विचारतात. फ्रिजवरचे तारे २००६ पासून सर्वांच्या परिचयाचे आहेत. निवासी इमारतींसाठी भारताने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको-निवास संहिता' आणली. पण तिचा शत्रू उलटा आहे. उन्हाची उष्णता भिंती आणि काचांमधून आत किती येते यावर तिथे मर्यादा घातली आहे. इथला अनुभव तिकडे जसाच्या तसा लावू नये, आणि तिकडचा इकडे तर मुळीच नाही.

अक्षर मोजते खर्च

आता सर्वांत जास्त गोंधळाचा भाग. प्रमाणपत्रावरचे मोठे रंगीत अक्षर घरातून किती उष्णता वाया जाते हे थेट सांगत नाही. ते पर्यावरणाचेही माप नाही. प्रत्येक चौरस मीटरमागे घर गरम ठेवायला, पाणी तापवायला आणि दिवे लावायला किती पैसे लागतील, यावर ते ठरते.

याचा परिणाम पाहा. भिंतीवरचा साधा विजेचा हीटर घेतलेल्या विजेची पुरेपूर उष्णता करतो, तरी त्या घराचे गुण कमी येतात. कारण गेल्या काही वर्षांत विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटाच्या सुमारे चौपट महाग राहिले आहे. लंडनमधल्या चकचकीत फ्लॅटला 'डी' पाहून आपण चकित होतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. हीट पंप विजेच्या एका युनिटातून उष्णतेची साधारण तीन युनिटे देतो आणि धूर मुळीच करत नाही. पण चौपट किमतीला तीनने भागले तर खर्च गॅस बॉयलरच्या आसपास किंवा किंचित वरच येतो. म्हणून हीट पंप बसवूनही अक्षर जागचे हलत नाही, अशी तक्रार ऐकू येते. पंप चांगला की वाईट हा प्रश्न वेगळा आहे, पण केवळ अक्षरासाठी तो बसवणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

सरकारलाही ही अडचण ठाऊक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये चर्चेसाठी मांडलेल्या सुधारणांत एका अक्षराऐवजी चार मापे द्यावीत असे सुचवले होते. ऊर्जेचा खर्च, घराच्या बांधणीचा दर्जा, गरम करण्याची यंत्रणा आणि विजेचा वापर वेळेनुसार हलवण्याची सोय अशी ती चार मापे. मला स्वतःला हे पटते. गणित, भाषा आणि शास्त्र यांचे वेगवेगळे गुण दिसले तरच पालकाला कळते की शिकवणी कशाची लावायची.

बिलाशी का जुळत नाही?

"तुमच्या कागदावर एवढे पौंड लिहिलेत, आमचे बिल तर वेगळेच येते," ही तक्रार रास्त आहे. या गणितात एक काल्पनिक कुटुंब राहते. ते किती माणसांचे हे घराच्या क्षेत्रफळावरून ठरते. ते बैठकीची खोली २१ अंशांवर ठेवते आणि कामाच्या दिवशी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी सात तास हीटिंग लावते. कुकर, फ्रिज, टीव्ही, धुलाई यंत्र यांचा खर्च अक्षरात धरलेला नसतो. घरी आजी-आजोबा दिवसभर असतील, किंवा दोघेही कामावरून रात्री आठला परतत असतील, तर बिल निराळे येणारच. सगळी घरे एकाच मापाने मोजायची तर राहणारी माणसेही एकाच मापाची धरावी लागतात.

पण फरक तेवढाच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०२३ मध्ये गॅसवर तापणाऱ्या घरांच्या मीटरचे आकडे ईपीसीशी ताडून पाहिले. 'सी'च्या घरांत प्रत्यक्ष वापर अंदाजापेक्षा ८ टक्के कमी होता, 'एफ' आणि 'जी'च्या घरांत तब्बल ४८ टक्के कमी. म्हणजे घर जितके वाईट, तितका कागदावरचा आकडा फुगलेला. म्हणून कुणी तुम्हाला "हे काम करा, ईपीसीप्रमाणे वर्षाला इतके पौंड वाचतील" असे सांगून मोठा खर्च करायला लावत असेल, तर आधी स्वतःची गेल्या वर्षाची बिले समोर ठेवा.

भाड्याचे घर

आपल्याकडे दोन प्रकारचे सभासद आहेत. एक, नोकरीसाठी नुकते आलेले आणि भाड्याने राहणारे. दुसरे, ज्यांनी म्हातारपणाची सोय म्हणून एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने दिला आहे.

पहिल्यांना सांगणे हे की घर पाहायला जाण्याआधी सरकारी नोंदवहीत त्या पत्त्याचे प्रमाणपत्र पाहा. ते कुणालाही फुकट पाहता येते. अक्षरावर थांबू नका. खाली भिंत, छत, खिडक्या, मुख्य हीटिंग अशा ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे शेरा असतो. भिंतीपुढे 'व्हेरी पुअर' आणि हीटिंग साध्या विजेवर असे दोन्ही एकत्र दिसले, तर कमी भाड्यातून वाचलेले पैसे हिवाळ्यात वीज कंपनीला द्यावे लागतील. डिसेंबरात आई-वडील किंवा बाळंतपणासाठी सासूबाई येणार असतील तर हा हिशेब आधीच करावा. त्या हीटर लावायला संकोचतात आणि शाल पांघरून बसून राहतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

दुसऱ्यांना सांगणे हे की एप्रिल २०१८ पासून नव्या भाडेकरारासाठी आणि एप्रिल २०२० पासून चालू करारांसाठीही किमान 'ई' लागतो. त्यासाठी मालकाने करायच्या खर्चाला ३,५०० पौंडांची मर्यादा घातली गेली. तेवढ्यात 'ई' गाठता आला नाही तर सूट मिळते, पण ती रीतसर नोंदवावी लागते. नियम मोडल्यास एका घरामागे ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आधीच्या सरकारने 'सी' सक्तीचा करण्याचा बेत सप्टेंबर २०२३ मध्ये मागे घेतला आणि पुढच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये २०३० सालचे लक्ष्य ठेवून तो पुन्हा मांडला. या उलटसुलट चालीमुळे काहींनी घाबरून घर विकले, तर काही "बघू पुढे" म्हणून स्वस्थ बसले. दोन्ही टोके सोडून लॉफ्ट, पोकळ भिंत, हीटिंगची नियंत्रणे ही कामे करून टाकावीत. नियम काहीही झाला तरी ती वाया जात नाहीत. मोठ्या खर्चाआधी मात्र त्या दिवशीचा नियम वाचावा.

जे प्रमाणपत्रात नाही

बुरशीचा रकाना या प्रमाणपत्रात नाही, आणि आपल्या घरांत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तिचीच. २० अंशांची एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम बाष्प सामावून घेते, ५ अंशांची जेमतेम ७ ग्रॅम. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, आंघोळी, रेडिएटरवर वाळणारे कपडे यांतून चार माणसांच्या घरात रोज कित्येक लिटर पाणी हवेत जाते. ते थंड कोपऱ्यावर, कपाटामागच्या भिंतीवर जाऊन बसते आणि तिथे काळे ठिपके उमटतात. गुण वाढवण्याच्या भरात सगळ्या फटी बुजवल्या, उघडी फायरप्लेस बंद केली आणि स्वयंपाकघरातला पंखा मात्र बिघडलेलाच राहिला, तर गुण चढतात आणि घरातल्या मुलाचा खोकला वाढतो. पोकळ भिंत भरण्याआधीही ती पावसाने ओली होत नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. आधी ओल आणि हवा, मग इन्सुलेशन, हा क्रम मोडू नये.

जाता जाता आपल्या हॉलविषयी. नगरपालिकेच्या सभागृहात किंवा ग्रंथालयात दाराजवळ असाच एक रंगीत कागद लावलेला दिसतो. तो ईपीसी नव्हे, 'डिस्प्ले एनर्जी सर्टिफिकेट' आहे. जुलै २०१५ पासून लोकांची वर्दळ असलेल्या २५० चौरस मीटरवरील सरकारी इमारतींना तो लावावा लागतो. त्यावरचा आकडा प्रत्यक्ष मीटरवरून काढलेला असतो. तिथे १०० म्हणजे त्या प्रकारच्या इमारतीचा सर्वसाधारण वापर, आणि आकडा जितका कमी तितके चांगले, घराच्या अगदी उलट. तेव्हा दिवाळीच्या कार्यक्रमाला गेल्यावर १२० पाहून "वा, आपल्या घरापेक्षा किती छान" असे म्हणू नका.

तर मंडळी, फाइलीतले ते प्रमाणपत्र या आठवड्यात बाहेर काढा. तारीख पाहा, दहा वर्षे झाली नाहीत ना. आकडा पाहा. 'अज्यूम्ड' कुठे कुठे लिहिले आहे त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि त्यातल्या कशाचा कागद तुमच्याकडे आहे ते शोधा. मग सुचवलेल्या कामांची यादी वाचा आणि तिच्यातले सर्वांत स्वस्त काम आधी करा. यादीतली एखादी ओळ कळली नाही तर पुढच्या कार्यक्रमाला प्रमाणपत्र बरोबर घेऊन या. चहा घेता घेता आपण ती एकत्र वाचू.